मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत

दर दोन-तीन महिन्यांनी यवतमाळहून, दिग्रसहून, नाहीतर आर्णीहून कुणाचा तरी फोन येतोच. प्रस्तावना ठरलेली. "तू कंप्युटरवाला, त्यात तुले नाण्याचा नाद. म्हून म्हटलं तुलेच इचारावं." मग व्हॉट्सॲपवर फोटो येतो. पाच रुपयांचं नाणं, एका बाजूला वैष्णोदेवी. सोबत कुठल्याशा बातमीची लिंक : 'हे नाणं असेल तर तुम्ही लखपती!' आणि मग मुद्द्याचा प्रश्न, "खरंच पाच लाखाले जाते का बाप्पा? माह्यापाशी तीन हायेत."

नाही जात हो, काकाजी.

वैष्णोदेवी श्राइन बोर्डाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ही पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली. त्यावर साल आहे २०१२. ती चलनासाठीच पाडली होती आणि भरपूर पाडली होती. आजही कुठल्याही नाणेवाल्याकडे पाच रुपयांचं हे नाणं जेमतेम दर्शनी किमतीच्या काही पटीत मिळतं. लाखाची गोष्टच सोडा. तीच कथा १९८५ च्या एक रुपयाची, ज्यावर सालाखाली इंग्रजी 'एच' आहे. तो 'एच' म्हणजे बर्मिंगहॅमची हीटन टांकसाळ. त्या वर्षी सरकारने नाणी बाहेरून पाडून घेतली, म्हणून तो शिक्का. दुर्मिळ बिर्मिळ काही नाही. आणि गेंड्याची चवन्नी! २५ पैसे ३० जून २०११ पासून चलनातून गेले. चलनातून गेलं म्हणजे मौल्यवान झालं असा एक समज आपल्याकडे पक्का आहे. तसं असतं तर माझ्या आजीच्या डब्यातल्या नया पैशांवर यवतमाळच्या दत्त चौकात बंगला झाला असता :)

मग हे पाच लाख येतात कुठून? हे समजून घेण्यासारखं आहे, कारण यात कुणी एकटा खोटं बोलत नाही. सगळे मिळून बोलतात. एक माणूस फुकट जाहिरातींच्या साइटवर नाण्याचा फोटो टाकतो. किमतीच्या रकान्यात काहीतरी भरावंच लागतं, तो ५,००,००० भरतो. त्याला फुटकी कवडी खर्च नाही. कुणी तरी त्याचा स्क्रीनशॉट काढतो. एखादी बातम्यांची साइट 'ऑनलाइन बाजारात या नाण्याला पाच लाखांची किंमत' असं छापते. ही बातमी वाचून आणखी पन्नास जण तेच नाणं त्याच किमतीला टाकतात, काही जण शहाणपणाने साडेचार लाखाला टाकतात. आता कुणी शोधलं तर पन्नास जाहिराती दिसतात आणि पन्नास ठिकाणी तोच आकडा म्हटल्यावर तो खराच असणार! विकलं एकही गेलेलं नाही.

मी पोटापाण्यासाठी दिवसभर डेटाबेसशी झगडतो, त्यामुळे मला यात दिसतो तो एक रिकामा रकाना. मागितलेली किंमत हा एक रकाना, मिळालेली किंमत हा दुसरा. बाजार चालतो दुसऱ्या रकान्यावर. यवतमाळच्या बाजार समितीत कापूस घेऊन गेलेला शेतकरी मनात काहीही भाव धरून जातो, पण संध्याकाळी फळ्यावर लिहिला जातो तो झालेल्या सौद्यांचा भाव. किमान इतका, कमाल इतका, सर्वसाधारण इतका. नाण्यांच्या ऑनलाइन बाजारात आज पहिला रकाना सगळ्या जगाला दिसतो आणि दुसरा जवळजवळ कुणालाच दिसत नाही. माझं म्हणणं असं की आपल्याकडच्या नाणेबाजाराचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. नकली नाणी, लबाड विक्रेते, लोभी गिऱ्हाइकं या सगळ्यांपेक्षा मोठं.

गंमत म्हणजे काही वर्षं हा दुसरा रकाना आपल्याकडे होता.

त्याआधीचं सांगायचं तर यवतमाळसारख्या ठिकाणी जुन्या नाण्याला एकच गिऱ्हाईक होतं, सराफ. तो तराजूत टाकायचा, चांदीचा भाव लावायचा, घट काढायचा आणि पैसे द्यायचा. नाण्यावर राणी आहे की राजा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. नागपूर-मुंबईचे नाणेवाले अधूनमधून अशा सराफांकडे फेरी मारत आणि ढिगातून हवं ते उचलून नेत. एखाद्याला नाद असला तर तो पोस्टाने याद्या मागवायचा. झेरॉक्स केलेली चार पानं, त्यावर नाण्याचं वर्णन आणि भाव. मनिऑर्डर करायची आणि रजिस्टर एडीची वाट पाहायची. (ते रजिस्टर पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. नाणेवाल्यांच्या एका पिढीला ही बातमी वाचून नक्की चुटपुट लागली असणार.)

मग आलं बाझी डॉट कॉम. २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतलं आणि त्याचं ईबे इंडिया झालं. आज वीसेक वर्षांनी मागे वळून पाहताना वाटतं की लहान गावातल्या नाणेवेड्यांसाठी तो खरोखर सुवर्णकाळ होता. बोली लागायची, सात दिवस चालायची, शेवटच्या मिनिटाला पाच जण तुटून पडायचे. 'पैसापे' नावाची भानगड होती. आपण भरलेले पैसे मध्येच थांबत आणि माल पोचल्यावर विक्रेत्याला मिळत. त्यामुळे दारव्ह्याचा माणूस कोइमतूरच्या अनोळखी माणसाकडून न घाबरता नाणं मागवू शकत होता. विक्रेत्याच्या नावापुढे त्याचे आजवरचे व्यवहार आणि लोकांनी दिलेले शेरे दिसत. पण या सगळ्यापेक्षा मोलाची होती एक चौकट, ज्यात खूण केली की संपलेले लिलाव दिसायचे. विकलं गेलेलं हिरव्या आकड्यात, न विकलेलं वेगळ्या रंगात. म्हणजे कुणी १८६२ चा रुपया दहा हजाराला टाकला तर टाकू दे, खाली शंभर हिरवे आकडे खरं काय ते सांगत असायचे. नाण्यांची जी काही समज माझ्यासारख्याला आली ती पुस्तकांनी कमी आणि त्या हिरव्या आकड्यांनी जास्त दिली.

२०१७ मध्ये ईबेचा भारतातला धंदा फ्लिपकार्टकडे गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ ला ती साइट बंद झाली. दुकान बंद झालं याचं एवढं वाईट नाही, दुकानं बंद होतातच. हिरवे आकडे गेले. शेरे गेले. दहा-बारा वर्षं ज्या विक्रेत्याने प्रामाणिकपणे धंदा केला त्याचा प्रामाणिकपणा त्या साइटच्या सर्व्हरवर होता, तो तो बरोबर नेऊ शकला नाही.

बाजार तिथून फेसबुकच्या ग्रुपांवर आणि व्हॉट्सॲपवर गेला. आता फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं 'भावासाठी इनबॉक्स करा'. सौदा होतो दोघांच्या खाजगी खिडकीत, पैसे आधी यूपीआयने, नाणं नंतर कुरियरने. ग्रुपवरच्या लिलावात बोली तरी दिसते, पण फोटो लगेच काढून टाकले जातात, नाहीतर शेकडो मेसेजांखाली गाडले जातात. भरवसा असतो तो ग्रुपच्या ॲडमिनवर. काही ॲडमिन देवमाणसं आहेत, रात्र रात्र जागून भांडणं मिटवतात. पण ग्रुप मोडला की ती सगळी आठवणही गेली. पेठेतल्या तोंडी व्यवहारापेक्षाही हे वाईट. पेठेत निदान शेजारचा दुकानदार ऐकत असतो.

बाजाराच्या वरच्या मजल्यावर मात्र लख्ख उजेड आहे. मुंबई, अहमदाबाद, बंगलोर इथल्या लिलावगृहांचे कॅटलॉग ऑनलाइन असतात. घरबसल्या बोली लावता येते आणि लिलावानंतर कुठला लॉट कितीला गेला याची यादी प्रसिद्ध होते. त्यात अमेरिकेच्या पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्यांची प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेली, दर्जाचा आकडा लावलेली नाणी आली. पूर्वी 'छान आहे', 'बरं आहे' असं चालायचं, आता सत्तरपैकी आकडा सांगतात. एकाच सालाचं, एकाच टांकसाळीचं नाणं, पण ६५ चा आकडा लागला की लाखात आणि घासलेलं असलं की चांदीच्या भावात. ही दरी इतकी रुंद झाली आहे की वरच्या मजल्यावरचा आकडा ऐकून खालच्या माणसाने हुरळून जाणं अगदी साहजिक आहे. 'तस्साच रुपया मुंबईत दोन लाखाले गेला म्हनते!' गेला असेल. पण तस्साच नव्हता.

आणि खालच्या मजल्यावर, यवतमाळच्या घराघरात, काय आहे?

सगळ्यात जास्त आहे तो व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा रुपया. याची कथा मला फार आवडते. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. ब्रिटिशांनी १८५३ मध्ये निजामाकडून ताब्यात घेतलेला हा मुलूख, काळी जमीन, आणि पैसा चांदीच्या रुपयात. आता टांकसाळीचा मामला असा, की १८६२ हे साल नाण्यावर एकदा कोरलं ते पुढची दहा-बारा वर्षं तसंच राहिलं. १८७० मध्ये पाडलेल्या रुपयावरही १८६२ च. नेमकं वर्ष ओळखायला अभ्यासक मागच्या बाजूचे बारीक ठिपके मोजत बसतात. त्यामुळे झालं काय, की दीडशे वर्षांहून जुनं म्हणून ज्याच्याकडे माणूस डोळे विस्फारून पाहतो, तो राणीछाप रुपयांतला सगळ्यात सामान्य रुपया. ठिपक्यांचे काही प्रकार मात्र खरंच कमी मिळतात आणि त्यांना गिऱ्हाईक वेगळा पैसा देतो. घरच्या रुपयाचे ठिपके मोजलेत कधी? सराफाने तर नक्कीच मोजले नाहीत.

दुसरं म्हणजे चारमिनार. उमरखेडच्या खालून पैनगंगा जाते आणि १९४८ पर्यंत पलीकडे निजामाचं राज्य होतं. माहूरची जत्रा, सोयरिकी, बैलबाजार, सगळं नदीच्या दोन्ही बाजूंनी. त्यामुळे हाली सिक्क्याची नाणी आमच्याकडच्या गाठोड्यांत हमखास सापडतात. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर असतं. 'मीम' असलं तर महबूब अली खान, 'ऐन' असलं तर उस्मान अली खान. एवढं कळलं तरी नाण्याकडे बघायची नजर बदलते.

तिसरं, बंजारा तांड्यांमधले रुपयांचे हार. पुसद, दिग्रस, दारव्हा भागात हे पाहिलं नाही असा माणूस नसेल. रुपयाला कडी डाखलेली, एकापुढे एक ओवलेले. नाणेवाला लगेच तोंड वाकडं करतो, 'कडी लावलीय, खराब झालं'. त्याच्या दृष्टीने बरोबर आहे, संग्राहक डाखलेलं नाणं घेत नाही. पण मला विचाराल तर अख्खा हार एकसंध राहणं हे त्यातल्या एकेका रुपयापेक्षा कितीतरी मोठं आहे. हा हार सोडवून नाणी सुटी विकणाऱ्याला मी तरी 'संग्राहक' म्हणणार नाही.

आणि लक्ष्मीपूजनाचे रुपये! दर दिवाळीला चिंचेने, राखेने घासून चकाचक केलेले. शंभर दिवाळ्यांत राणीचं नाक गेलं. घासलेल्या नाण्याला नाणेबाजारात कवडीमोल. पण ते ज्या कामासाठी ठेवले होते ते काम त्यांनी चोख केलं, त्यामुळे मला त्याचं फार वाईट वाटत नाही.

आता खरा हिशेब मांडतो, कारण गेल्या एक-दोन वर्षांत तो पूर्ण उलटला आहे. १९४० च्या आधीचा ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी सुमारे ९१.७ टक्के. म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. २००५ च्या सुमारास चांदी किलोला दहा-बारा हजार रुपये होती, तेव्हा या रुपयातली चांदी व्हायची सव्वाशेच्या आसपास. संग्राहक त्याच नाण्याला याहून बरेच जास्त देत असे, म्हणून नाणं वाचत होतं. २०२५ मध्ये चांदी किलोला दीड लाखाच्या पुढे गेली. दीड लाखच धरा. एका रुपयातली चांदी झाली १,६०० रुपयांची. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मी, त्याचेही पावणेनऊशे. (१९४७ चा वाघवाला रुपया निकेलचा, त्यात चांदी शून्य. तो चांदीचा म्हणून विकणारे बहाद्दर अजून आहेत.) साध्या, झिजलेल्या रुपयाला संग्राहक धातूपेक्षा वेगळं असं फारसं काही देत नाही. मग विकणारा कशाला थांबेल? रुपये मुशीत जातात. त्यात एखादा १९३९ चा असला, जो खरोखर दुर्मिळ आहे आणि म्हणूनच ज्याच्या नकलाही फिरतात, किंवा एखादा १९११ चा 'डुक्कर रुपया' असला, तर तोही त्याच मुशीत. पंचम जॉर्जच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून ओरड झाली, बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली, थोडी वाचली. जी इंग्रजांच्या भट्टीतून वाचली ती आमच्या सराफ्यात वितळावी, याला काय म्हणावं!

म्हणजे यवतमाळच्या माणसाची दोन्हीकडून कोंडी आहे. ज्या नाण्याला काही किंमत नाही त्याचे पाच लाख येतील अशी आशा त्याला लावली जाते, आणि ज्याला खरोखर किंमत आहे ते तो वजनावर घालून मोकळा होतो. दोन्हींचं मूळ तोच रिकामा रकाना.

पहिल्या प्रकारात तर आशेवर भागत नाही, खिशातले पैसेही जातात. नाण्याची जाहिरात टाकली की फोन येतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो, पाच लाख मान्य करतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचं एक पत्र पाठवतो. फक्त नोंदणीचे दीड-दोन हजार भरायचे. मग जीएसटीचे. मग विम्याचे. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला पत्रक काढून स्पष्ट सांगितलं की जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारात ती पडत नाही, कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीने ते घ्यायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. हे पत्रक इंग्रजी-हिंदी वर्तमानपत्रांत आलं, मराठीतही आलं. पण त्याच वर्तमानपत्री साइटींवर बाजूला लखपती करणारी बातमीही चालूच राहिली! कुणाच्या घरी बोंडअळीने कापूस गेलेला असतो, बँकेची नोटीस आलेली असते, आणि अशा घरात तीन वैष्णोदेव्या पंधरा लाखांच्या दिसायला लागतात. त्या माणसाला लोभी म्हणणं मला पटत नाही. त्याने छापलेलं वाचलं आणि खरं मानलं. (ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी लाज न बाळगता १९३० वर फोन करावा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.)

एक गोष्ट नाण्यांच्या पलीकडची, पण याच धाग्यातली. शेजारच्या वाशिम जिल्ह्यात, मंगरुळपीर तालुक्यात तऱ्हाळा नावाचं गाव आहे. १९३९ मध्ये तिथे सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला. दीड हजारांवर नाणी, धातू पोटीन, म्हणजे तांबं, शिसं, कथील यांची मिसळ. भंगारात विकली असती तर एक चांगली घागर आली नसती. ती महामहोपाध्याय वा. वि. मिराशींकडे अभ्यासाला गेली, त्यांनी एकेक वाचलं, आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी राजांची नावं पुढे आली जी कुठल्या पुराणात नाहीत, शिलालेखात नाहीत. फक्त त्या नाण्यांवर आहेत. साठा एका जागी राहिला म्हणून हे झालं. आज तोच साठा जेसीबीच्या दात्यात आला तर? मला खात्री आहे, संध्याकाळपर्यंत फोटो चार ग्रुपांवर असतील, 'भावासाठी इनबॉक्स करा', आणि आठवड्याभरात नाणी दीड हजार घरांत पांगलेली. राजाचं नाव वाचणारं कुणी नसेल.

याला सरकारी कायदाही थोडा कारण आहे. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून आहे. जमिनीत सापडलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा. न कळवला तर वाटा जप्त आणि वर शिक्षा. पण त्याच कायद्यात शोधणाऱ्याचा हक्क मानलाय, आणि सरकारने ऐवज ठेवून घेतला तर त्यातल्या धातूच्या किमतीपेक्षा एक पंचमांश जास्त पैसे देण्याची तरतूद आहे. आता पोटीनच्या धातूची किंमत आणि वर एक पंचमांश म्हणजे किती, ते तुम्हीच काढा. आणि हक्काबद्दल गावात कुणाला माहीत नसतं. माहीत असतो तो फक्त पोलीस. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं देशाबाहेर पाठवणं खाजगी माणसाला मना आहे आणि त्याचा धंदा करायला परवाना लागतो. यातली गंमत अशी की शंभर वर्षांची रेघ दरवर्षी पुढे सरकते. पंचम जॉर्जचा चलनातला रुपया १९२२ पर्यंतचा, म्हणजे आता ते सगळेच रेघेपलीकडे गेले. परदेशी साइटवर आजोबांचा रुपया टाकून डॉलर मिळवायला निघालेल्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं.

मग करायचं काय? कायदा बदलेपर्यंत थांबायला माझ्याकडे धीर नाही. जाहिरातींच्या साइटी म्हणतात, आम्ही फक्त फळा, त्यावर कोण काय लिहितो याला आम्ही काय करणार. हे मी मान्य करत नाही. मीही अशाच प्रकारची सॉफ्टवेअरं लिहितो. पाच रुपयांच्या नाण्यापुढे पाच लाख लिहिलं की 'या प्रकारची इतकी नाणी गेल्या वर्षात इथे विकली गेली : शून्य' अशी एक ओळ दाखवणं हे एका माणसाचं आठवड्याभराचं काम आहे. ते केलं जात नाही कारण पाच लाखाच्या जाहिरातीवर लोक येतात आणि शून्याची ओळ पाहून जातात.

संग्राहकांच्या ग्रुपांकडून माझी अपेक्षा जास्त आहे, कारण ते आपलेच लोक आहेत. सौदा झाला की नाण्याचा फोटो आणि मिळालेली किंमत एका सामाईक यादीत टाका. नावं नकोत. यावर मला मिळणारं उत्तर ठरलेलं असतं : 'भाव उघडा केला तर आम्हाला स्वस्तात माल कोण देईल?' खरं आहे. खेड्यातून चांदीच्या भावात उचलायचं आणि ठिपके मोजून चौपट करायचं, यावर काहींचा संसार चालतो. त्यांनी नजर कमावली आहे, पायपीट केली आहे, त्याचा मोबदला त्यांना मिळावाच. पण सगळा नफा समोरच्याच्या अज्ञानावर उभा असेल, तर तो समोरचा एक दिवस शहाणा होऊन येत नाही, तो सरळ सराफाकडे जातो. चांदी चढलेली असताना तर जातोच जातो. नाणं तुम्हालाही मिळत नाही.

आणि यवतमाळमध्ये एवढी महाविद्यालयं आहेत, इतिहासाचे विभाग आहेत. वर्षातून एक दिवस, दिवाळीच्या आधीचा एखादा रविवार, 'घरची नाणी घेऊन या, ओळखून देतो' असं का होऊ नये? नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासूनचा आहे, त्यांच्याकडे नाण्यांचा मोठा संग्रह आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. एक जाणकार, एक तराजू, एक भिंग, एक लॅपटॉप. खरेदी-विक्री अजिबात नाही, फक्त ओळख. याची तयारी कुणी करत असेल तर यादी ठेवायचं सॉफ्टवेअर मी फुकट लिहून देईन, पुण्याहून स्वखर्चाने येऊन.

तोवर ज्यांना नाणं विकायचं किंवा नुसतं विचारायचं आहे त्यांच्यासाठी : घासू नका, धुऊ नका. दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढा, सावली पडू देऊ नका. राणीचा रुपया असेल तर मागची बाजू जवळून घ्या, ठिपके दिसले पाहिजेत. सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्या आणि ते आकड्यात वेगळं लिहून पाठवा, फोटोवरून वजन कळत नाही.